हप्ता किती बसतोय?

हा बदलापूरच्या एका साइटवरचा सँपल फ्लॅट. सोफा जरा बुटका, बेडपण लहान, म्हणजे खोली मोठी वाटते. बघायला आलेल्या काकू नळ सोडून बघतात, पाणी अर्थातच नसतं, आणि काका सेल्सवाल्या पोराला किंमत नाही विचारत, विचारतात की हप्ता किती बसेल.

सगळा खेळ त्या हप्त्याचाच. 2020 च्या मे महिन्यात रिझर्व्ह बँकेनं रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवर आणला, होमलोन पावणेसातच्या आसपास मिळायला लागलं, वर सप्टेंबरपासून मुंबईत स्टॅम्प ड्युटी 5 वरून थेट 2 टक्के, तीही डिसेंबरपर्यंतच, मग काय, रजिस्ट्रेशनला झुंबड, मास्क खाली, फोटो, अंगठा, चला पुढचे!

मग मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 4 वरून साडेसहावर, मागोमाग होमलोनही सव्वानऊच्या आसपास. आता बघा, 30 हजारांचा हप्ता झेपणाऱ्याला 20 वर्षांसाठी पावणेसातनं साधारण साडेएकोणचाळीस लाख लोन बसायचं, सव्वानऊनं बसायला लागलं पावणेतेहतीस. पगार तोच, माणूस तोच, साडेसहा लाखांच्या वर गायब, म्हणजे घरातली एक खोलीच गेली म्हणा ना.

ज्यांनी तेव्हाच घेतलं तेही सुटले नाहीत, कारण ऑक्टोबर 2019 पासूनची बहुतेक फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, लोनं रेपोलाच बांधलेली. 40 लाखांवर पावणेसातनं हप्ता 30,400, आणि तेवढ्याच रकमेवर सव्वानऊनं महिन्याचं नुसतं व्याजच 30,800. बँक हप्ता तोच ठेवून मुदत तरी किती ताणणार?

तरीही 2023 मध्ये मुंबईत रजिस्ट्रेशन लाखाच्या वरच राहिली. जुना फ्लॅट विकून मोठा घेणाऱ्याला अर्धा-एक टक्का काही अडवत नाही हो, अडकतो तो पहिलं घर घेणारा. त्याच्यासाठी मग बिल्डरची स्कीम, पझेशनपर्यंत हप्ताच नाही! ते व्याज कोण भरतं? किमतीत धरलेलं असतं बहुतेक वेळा.

2025 मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला, पण तोवर भाव पुढे निघून गेलेले. पोरगा मोबाइलवर आकडा टाकून काकांपुढे धरतो. काका चष्मा वर करून बघतात, काकूंना दाखवतात. काकू नळ बंद करतात.

"वन आरके आहे का हो तुमच्याकडे?"