शोधणारे पुष्कळ, आता लपवणारे पाहिजेत

नमस्कार मंडळी, आज मला जिओकॅशिंगवर बोलायचंय. ज्यांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं असेल त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो. कोणीतरी एक पाणी न शिरणारी डबी घेतो, आत छोटी वही ठेवतो, ती कुठेतरी बाहेर लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. आपण मोबाइल घेऊन तिथे जायचं, डबी शोधायची, वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबी जिथे होती, जशी होती, तशीच परत ठेवायची. घरी येऊन ॲपवर नोंद करायची, सापडली किंवा नाही सापडली. बस, एवढंच.

आपल्या नागपुरात आमचा एक ग्रुप आहे, फार मोठा नाही, बँकेतले आहेत, कॉलेजची पोरं आहेत, रिटायर्ड काका आहेत, शाळकरी मुलांना घेऊन येणाऱ्या आया आहेत. रविवारी सकाळी निघायचं, डबी शोधायची आणि मग सगळ्यांनी मिळून तर्री पोहे खायचे असा बेत असतो, आणि शोधायला सगळे एका पायावर तयार असतात. पण लपवायचं म्हटलं की माणसं मागे सरतात. आणि हा सगळा खेळ चालतो तो लपवणाऱ्यांच्या जिवावर, कारण कोणी ठेवलंच नाही तर शोधणार काय? म्हणून आज मी मुख्यतः त्यांच्याबद्दल बोलणार आहे.

हा खेळ सुरू झाला तोसुद्धा एका लपवणाऱ्यापासूनच. पूर्वी अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालायचं, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवायची. २ मे २००० ला ती चूक घालणं बंद झालं आणि एका रात्रीत जगातल्या सगळ्या जीपीएस मशीन अचूक झाल्या. दुसऱ्याच दिवशी, ३ मे ला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या जंगलात एक बादली ठेवली, त्यात वही-पेन्सिल, पुस्तकं, व्हिडिओ, एक गलोल आणि बीन्सचा एक डबासुद्धा होता, आणि त्या जागेचे आकडे त्याने इंटरनेटवर टाकून दिले. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. आज जगभरात ३० लाखांच्या वर डब्या लपवलेल्या आहेत, आणि प्रत्येक डबीमागे एक माणूस आहे ज्याने जागा निवडली, डबी आणली, आणि नंतरही तिची काळजी घेतोय.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरचा याच्याशी काय संबंध? मला तर वाटतं आपल्याइतका जुना संबंध फार थोड्या शहरांचा असेल. आपला झिरो माईलचा खांब बघा, चार घोडे आहेत ना तिथे, तो देशाच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेला आहे, त्यावर १९०७ साल आहे आणि समुद्रसपाटीपासून ती जागा सुमारे १०२० फूट उंच आहे हे तिथे मोजून ठेवलंय. हे सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लँब्टनने सुरू केलं, अर्धा टन वजनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, माणसांच्या खांद्यावरून एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर नेत नेत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ ला नागपूरला येता येता हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. आम्ही ग्रुपने मुद्दाम हिंगणघाटची ट्रिप केली होती ती यासाठीच. जागा आकड्यात सांगता यावी म्हणून ज्या माणसाने आयुष्यातली वीस वर्षं उन्हातान्हात घालवली तो आपल्यापासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर झोपलाय, आणि आपण खिशातून फोन काढून दोन सेकंदांत तेच आकडे बघतो. आमच्यातल्या एका काकांनी तिथे पोरांना आख्खं सर्वेक्षण समजावून सांगितलं, त्रिकोणाची एक बाजू मोजायची, बाकी सगळं कोनांवरून काढायचं, आणि नववीतला एक मुलगा म्हणाला की काका, हे शाळेत असं का नाही शिकवून राहिले?

त्या आकड्यांचं थोडं सांगतो, कारण लपवणाऱ्याला ते कळलेच पाहिजेत. जिओकॅशिंगमध्ये जागा अंश आणि मिनिटांत लिहितात (हे मिनिट वेळेचं नाही, अंशाचा साठावा भाग), आपल्या शहराचे उत्तर २१ अंश आणि पूर्व ७९ अंश, पुढे मिनिटं, आणि मिनिटांच्या पुढे तीन दशांश. अक्षांशाचा शेवटचा आकडा एकाने चुकला तर जागा दोन मीटरच्या आतच सरकते, पण दशांशानंतरचा पहिलाच आकडा चुकला तर १८५ मीटर, म्हणजे माणूस डायरेक्ट दुसऱ्या गल्लीत जाऊन उभा. वरून फोनचं जीपीएस उपग्रहांवरून चालतं, २०,००० किलोमीटरपेक्षा जास्त उंचीवरून सिग्नल येतो, महाल-इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत तो भिंतींवर आपटून फोनपर्यंत पोचतो आणि बाण वेडावाकडा फिरायला लागतो. म्हणून डबी ठेवताना एकदाच बघून आकडे टाकू नये, वेगवेगळ्या दिवशी जाऊन आकडे घ्यावेत आणि सरासरी काढावी. ज्यांनी हे केलंय त्यांची डबी शोधताना लगेच कळतं, फोन बरोबर झाडापाशी आणून सोडतो. तिथून पुढे मात्र फोन ठेवून द्यायचा आणि डोळे उघडायचे, कुठला दगड जरा जास्तच नीट ठेवलाय, कुठल्या फांदीवर एक गाठ जास्त दिसते.

सेमिनरी हिल्सला सकाळी आठ-दहा जण असे झाडाभोवती वाकून बघायला लागले की फिरायला आलेले थांबतातच. "काय हरवलं जी?" हे ठरलेलं. पूर्वी आमच्यातले लोक "काही नाही, काही नाही" म्हणून टाळायचे, मला ते आवडत नाही. सांगावं सरळ. एकदा तर एक आजोबा पूर्ण वेळ आमच्याबरोबर थांबले, डबी सापडल्यावर त्यांनाच आधी वहीत नाव लिहायला दिलं, आणि आता दर वेळी त्यांचा फोन येतो, "येत्या रविवारी आहे का बे काही?"

तर लपवणं. आपल्याकडे लपवणं कठीण का आहे ते मनापासून सांगतो, कारण दुसऱ्या देशातल्या टिप्स इथे जशाच्या तशा चालत नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, स्वस्त प्लास्टिकची डबी एका उन्हाळ्यात कडक होऊन फुटते. मग जूनच्या मधोमध पाऊस येतो आणि सप्टेंबरपर्यंत सगळं ओलं, वहीचा लगदा होतो आणि आतल्या नावांना बुरशी लागते. चार बाजूंनी क्लिप बसणारा आणि आत रबर असलेला किचनमधला डबा चांगला टिकतो, वही झिपवाल्या पिशवीत घालायची, बुटाच्या खोक्यात मिळते ती सिलिकाची पुडी आत टाकायची, आणि शाईपेनापेक्षा पेन्सिल ठेवायची कारण ओल्या कागदावरही ती उठते. खायची वस्तू कधीच ठेवायची नाही, खेळाच्या नियमातही ती चालत नाही आणि रामटेकला तुम्ही चॉकलेट ठेवलंत तर वानरं तुमच्याआधी शोधतील. डबी जमिनीत पुरायची नाही, हा पक्का नियम आहे, खड्डा खणायचाच नाही. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर पाहिजे. आणि दगडाच्या फटीत ठेवताना शोधणाऱ्याच्या हाताचा विचार करा, आपल्याकडे विंचू आहेत, साप आहेत, जिथे आत न बघता हात घालावा लागतो तिथे डबी नको.

जागेचा विषय तर अजून महत्त्वाचा. रेल्वे स्टेशन, विमानतळ, सरकारी ऑफिस, शाळा, सैन्याच्या जागा इथे डबी ठेवायचीच नाही. सीताबर्डीचा किल्ला कितीही मोह झाला तरी नाही, तो सैन्याकडे आहे. बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि त्यांचं बरोबरच आहे, म्हणून आम्ही पारदर्शक डबा वापरतो, वर मराठीत, हिंदीत लिहितो की हा खेळाचा डबा आहे, आणि ज्याची जागा असेल त्याला आधी विचारतो. बागेचा माळी, देवळाचे ट्रस्टी, चहाच्या टपरीवाले भाऊ, यांना विचारलं की बहुतेक वेळा ते हो म्हणतात आणि वरून डबीवर लक्षही ठेवतात. जुनापाणीची दगडी वर्तुळं बघायला आम्ही जातो, लोहयुगातली दफनं आहेत ती, तिथे डबी तर सोडा, एक दगडही हलवायचा नाही. अशा ठिकाणांसाठी एक छान युक्ती आहे, मल्टी कॅश (या खेळात डबीला कॅश म्हणतात), म्हणजे पहिल्या जागी फक्त माहिती गोळा करायची. समजा झिरो माईलला जायचं, घोडे किती ते मोजायचे, खांबावरचं साल वाचायचं, त्या आकड्यांतून गणित करून पुढचे को-ऑर्डिनेट्स काढायचे, आणि डबी मात्र तिसरीकडेच, परवानगी घेतलेल्या सुरक्षित जागी. माणूस ती जागा बघतो, वाचतो, आणि तिथे काहीही ठेवलेलं नसतं. मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो.

अर्थकॅश पण आहे, त्यात डबीच नसते. २००४ पासून हा प्रकार आहे, जमिनीतलं काहीतरी बघायचं आणि प्रश्नांची उत्तरं लपवणाऱ्याला पाठवायची. आपल्या शहराखाली काय आहे माहितीय? पश्चिमेला दख्खनचा लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि पूर्वेला गेलं की त्याच्याहून कितीतरी जुना ग्नाइस खडक, दोन्ही एका शहरात. टाकळीला तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये जुन्या तळ्याचा गाळ सापडला, त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडांचे जीवाश्म. ज्या स्टीफन हिस्लॉपच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे त्याने हे शोधलं, तो मिशनरी होता आणि दगडांचा वेडा होता. भूगोलाच्या, जिऑलॉजीच्या सरांनी-मॅडमनी हे मनावर घेतलं तर नागपुरात काय सुंदर अर्थकॅश होतील, मी तर म्हणतो विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या, मार्क द्या.

गेट-टुगेदरचंही सांगायला हवं, कारण त्याचीसुद्धा खेळात नोंद होते. त्याला इव्हेंट म्हणतात, जागा आणि वेळ आधी जाहीर करायची, किमान अर्धा तास बसायचं, आणि जो येईल त्याची नोंद होते, तिथे डबी लागत नाही. आम्ही संक्रांतीच्या सुमाराला अंबाझरीला भेटतो, तिळगूळ असतो, आणि ज्यांच्याकडे ट्रॅव्हल बग असतात ते अदलाबदल करतात, ही नंबर असलेली धातूची पट्टी असते, एका डबीतून दुसऱ्या डबीत, एका देशातून दुसऱ्या देशात जाते आणि तिचा प्रवास ॲपवर दिसतो. कोजागिरीला रात्री फुटाळ्याला बसतो, मसाला दूध आणि कोडी, कारण मिस्ट्री कॅशचे आकडे कोडं सोडवल्याशिवाय मिळतच नाहीत आणि एकट्याने डोकं खाजवण्यापेक्षा पाच जणांत ते पटकन सुटतं. साफसफाईचे इव्हेंट वेगळे असतात, जगभर होतात, २००२ पासून. आम्ही तलावाकाठी करतो, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या सगळ्यात जास्त निघतात, आणि मुलं मोठ्यांपेक्षा जास्त मन लावून उचलतात हे मी बघितलंय.

पण या भेटींत मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. डबी ठेवली म्हणजे काम संपलं असं नाही. पावसाळा झाला की जाऊन बघायचं, वही भरली की बदलायची, दोन-तीन लोकांनी "नाही सापडली" लिहिलं की त्या आठवड्यात जायचं. डबी ठेवणाऱ्याने लक्षच दिलं नाही तर डबी यादीतून काढून टाकतात. म्हणूनच बाहेरगावी फिरायला गेल्यावर तिथे डबी ठेवून येऊ नये, घराजवळ ठेवावी, रोजच्या वाटेवर. त्रिमूर्तीनगरवाल्याने त्रिमूर्तीनगरला ठेवावी, कामठीवाल्याने कामठीला. तुमच्या मोहल्ल्यातली जी जागा तुम्हाला माहितीय आणि बाहेरच्याला माहीत नाही, ती जुनी विहीर, ते मोठं चिंचेचं झाड, तो बंद पडलेल्या थिएटरचा चौक, तिथे माणसं आणायची ताकद तुमच्या एका डबीत आहे, आणि ते काम आमच्या ग्रुपमधल्या कोणाला जमणार नाही कारण आम्हाला ती जागा माहीतच नाही.

आधी वीस-पंचवीस डब्या शोधा मग लपवा, असं मी नेहमी सांगतो, म्हणजे चांगली कशी असते आणि कंटाळवाणी कशी असते हे हाताला कळतं. ॲप फुकट आहे, दिवाळीनंतर हवा चांगली होते, फेब्रुवारीपर्यंत भरपूर रविवार मिळतात. बूट घाला, पाणी घ्या, मुलांना आणा.

आणि ज्यांना यातलं काहीच करायचं नाही त्यांच्यासाठी एक विनंती. कधी फिरताना झाडाच्या ढोलीत किंवा कठड्याखाली अशी लेबल लावलेली पारदर्शक डबी दिसली, आत वही दिसली, तर ती घरी नेऊ नका, फेकूही नका. उघडून बघा, वाटलं तर तुमचंही नाव लिहा, झाकण टक्क आवाज येईपर्यंत दाबा आणि होती तिथेच ठेवा. लेबल नसेल, आत काय आहे दिसत नसेल, शंका आली, तर हात लावू नका आणि पोलिसांना कळवा, आमच्यापैकी कोणालाही त्याचं वाईट वाटणार नाही. धन्यवाद मंडळी, नमस्कार.