छत्री उलटी करून बघा

(दृश्य: पहाट. आंब्याची बाग, ओली माती, जुनं वारूळ.)

कुडाळ तालुक्यातली एक बाग. नेमकी कुठली ते सांगायचं नाही, या अटीवर आम्हाला आत सोडलंय. अळंबी दरवर्षी त्याच वारुळावर उगवते आणि ज्या घराला ती जागा ठाऊक असते, ते घर ती पाहुण्यालाही दाखवत नाही. श्रावणात मासे-मटण बंद असतं, तेव्हा या रश्श्याची किंमत कोकणात आणि गोव्यात कुणालाही विचारा.

गोव्यात हिला म्हणतात रोयण अळमी. रोयण म्हणजे वारूळ. विदर्भात सात्या. आणि जी खायची नाही ती? ती सगळी एकजात कुत्र्याची छत्री. आपल्या भाषेने विषय दोन शब्दांत मिटवून टाकलाय. अडचण अशी, की त्या दुसऱ्या शब्दात शेकडो जाती कोंबल्यात.

(दृश्य: अळंबीच्या टोपीचं टोक, अगदी जवळून.)

टोपीच्या मधोमध हे टोक बघा, भाल्यासारखं. माती फोडून वर यायला. आता दांडा उपटायचा नाही, बाजूची माती हलकेच काढायची. दांडा संपत नाही. मुळासारखा निमुळता होत खाली जातो, आणखी खाली, थेट वाळवीच्या बागेपर्यंत. ही बाग करड्या स्पंजसारखी दिसते आणि तिच्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे असतात. वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून इथे आणून रचते, तिथली बुरशी (आपली अळंबी हे तिचंच फळ) ते पचवायला सोपं करते आणि वाळवी ते खाते. ही शेती सुमारे 3 कोटी वर्षं चाललीय. माणसाला मात्र ही अळंबी अजून धिंगरी मशरूमसारखी शेडमध्ये पिकवता आलेली नाही.

म्हणजे ओळखीची खरी खूण जमिनीखाली होती. आपण मोबाइलने फोटो काढतो तो वरून.

(दृश्य: पुण्यातली एक सोसायटी. हिरवळीवर गोल रिंगणात पांढऱ्या छत्र्या.)

ही दुसरी. ताटलीएवढी, गोरीपान, टोपीवर तपकिरी खवले, दांड्यावर बांगडीसारखं कडं. दिसायला हीच जास्त खाण्याजोगी वाटते. कोवळी असताना खालचे पापुद्रेही पांढरेच असतात. हिचं नाव क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. पोटात गेली तर एक ते तीन तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात.

मग ओळखायची कशी? दांडा कापायचा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घ्यायचा, कारण पांढरे बीजाणू, म्हणजे छत्रीची बियांसारखी बारीक भुकटी, पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत. टोपी पापुद्रे खाली करून त्यावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि झोपून जायचं.

(दृश्य: सकाळ. वाटी उचलली जाते.)

कागदावर बीजाणूंची रांगोळी उमटलीय. बागेतल्या अळंबीची फिकट गुलाबी. हिरवळीवरचीची शेवाळी हिरवी. काल पापुद्रे पांढरे होते, तरी ठशाने रंग दाखवलाच.

पण एकट्या ठशावर भरवसा ठेवून चूल पेटवू नका. अमॅनिटा नावाच्या गटात जीवघेण्या छत्र्या आहेत; त्या गटातल्या जातींचा ठसा पांढरा येतो आणि खाण्याजोग्या कितीतरी जातींचाही पांढराच. म्हणून अमॅनिटासाठी दांड्याच्या बुडाशी उकरून बघायचं, तिथे फाटक्या पिशवीसारखं आवरण आहे का. वरच्यावर खुडली तर ती पिशवी मातीतच राहते. या गटातल्या काही जातींचं विष शिजवूनही जात नाही. त्रास सुरू व्हायला 6 ते 24 तास लागतात, मध्ये थोडं बरंही वाटतं, आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. कुणी खाल्लीच असेल तर उरलेला तुकडा घेऊन तडक दवाखाना गाठायचा.

चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, किड्याने खाल्ली असेल तर चांगली, हे ऐकायला छान आहे. गोगलगाय विषारी छत्री मजेत खाते. तिचं पोट वेगळं, आपलं वेगळं.

(दृश्य: गॅलरीतली कुंडी.)

इतकं घाबरवून झालं, तर आता निव्वळ बघायचं काहीतरी. कुंडीत उगवणारी ही पिवळीधमक छत्री खतमातीतून आलीय. झाडाला तिचा त्रास नाही, ती उपटू नका, दिवसभरात आपणच माना टाकते.

आणि काटकीवर या मिरीएवढ्या वाट्या. आत मसुरीच्या डाळीसारखे दाणे. पुष्कळांना ही किड्यांची अंडी वाटतात आणि फवारणी होते. खरं तर ते बुरशीचे बीजाणूंचे गोळे आहेत आणि ते पावसाची वाट बघतायत. थेंब नेमका वाटीत पडला की दाणा हातभर लांब उडतो.

ढग आलेत. कॅमेरा वाटीवरच ठेवू.

(दृश्य: पहिला थेंब. मग तोच थेंब, संथ गतीने.)