मेट्रोजवळची मशीद

श्रोतेहो, नमस्कार.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री समुद्रमार्गे मुंबईत शिरलेल्या दहा हल्लेखोरांपैकी एकटा जिवंत हाती लागलेला अजमल कसाब तेव्हा २१ वर्षांचा होता. पाकिस्तानातील पंजाबच्या ओकारा जिल्ह्यातले फरीदकोट हे त्याचे गाव; वडील खाद्यपदार्थांची गाडी लावत आणि मुलाचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. वडिलांशी भांडून तो घराबाहेर पडला, लाहोरला मजुरी करू लागला, पुढे एका मित्राबरोबर रावळपिंडीला गेला आणि तिथल्या राजा बाजारात लष्कर-ए-तैयबाच्या माणसांपर्यंत पोहोचला. तपासाचे प्रमुख असलेले पोलीस अधिकारी राकेश मारिया यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की या मुलाला धर्मयुद्धाशी मुळात काही कर्तव्य नव्हते. दरोडे घालायचे तर हत्यार चालवता आले पाहिजे, एवढाच त्याचा हिशेब होता.

लाहोरजवळच्या मुरीदके येथे २१ दिवसांचे पहिले शिबिर झाले आणि त्यात प्रवचनांवर भर होता. मानसेहरा आणि मुझफ्फराबादच्या डोंगरांतले शस्त्रशिक्षण त्यानंतरचे. आधी प्रवचन, मग बंदूक, हा क्रम ध्यानात ठेवावा.

त्या प्रवचनांतून काय भरवले गेले, ते मारियांनीच सांगितलेल्या एका प्रसंगातून कळते. भारतात मुसलमानांना नमाज पढू देत नाहीत, मशिदींना कुलपे ठोकलेली आहेत, यावर कसाबचा पक्का विश्वास होता. तो इतका पक्का, की कोठडीत दिवसातून पाच वेळा कानावर पडणारी अजान हा आपल्यालाच होणारा भास आहे, असे तो समजत असे. कानाने ऐकलेले खोटे आणि शिबिरात ऐकलेले खरे! हे कळल्यावर मारियांनी तपास अधिकारी रमेश महाले यांना सांगितले, की याला गाडीत घालून मेट्रो सिनेमाजवळच्या मशिदीत न्या. श्रोतेहो, हा तोच मेट्रोचा चौक, जिथे पळवलेल्या पोलीस गाडीतून कसाब आणि त्याच्या साथीदाराने जमलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. हल्ल्याच्या रात्री ज्या मशिदीच्या इतक्या जवळून तो गेला, तिथे भरदार नमाज चाललेली पाहून तो चक्रावून गेला. तोवर १६६ माणसे मारली गेली होती.

कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची कथा मात्र आपण वर्षानुवर्षे चघळली. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ साली ती रचलेली असल्याचे स्वतःच सांगितले, तरी ती अजून चालूच आहे. मशिदीचा प्रसंग फारसा कोणी सांगत नाही, याचे मला वाईट वाटते.

शिबिरात जे सांगितले ते पडताळून पाहण्याची सोय त्या मुलाला नव्हती. पण प्रत्येकाची वाट अशी नसते. कराचीतल्या ज्या खोलीतून हल्लेखोरांना फोनवर हुकूम सुटत होते, तिथे हजर असल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो जबीउद्दीन अन्सारी आपल्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा. औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात त्याला २०१६ साली जन्मठेप झाली. गेवराईत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला मशिदींच्या कुलपांची थाप पचली नसती. त्याला ओढण्यासाठी वेगळेच काही लागले असणार.