हिंगोलीतली 'साहेबाची चंची'

हिंगोली शहरातील पलटण, रिसाला, तोफखाना आणि पेन्शनपुरा ही वस्त्यांची नावे आजही रोजच्या बोलण्यात आहेत. ज्या छावणीमुळे ती पडली, ती छावणी मात्र १९०३ मध्ये, हैदराबाद कंटिंजंट हे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणारे सैन्य भारतीय लष्करात विलीन झाले तेव्हा, उठली. त्या काळाची एक लहानशी खूण येथील एका शिंपी कुटुंबाच्या लाकडी पेटीत जपलेली आहे. आमच्या चित्रीकरणासाठी ती उलगडत घरातल्या वयोवृद्ध आजी सांगतात, "ही साहेबाची चंची. आमच्या आजेसासऱ्याला पलटणीतल्या साहेबानं दिली म्हणतेत."

चंची हा शब्द या वस्तूला अगदी चपखल बसतो. पान-तंबाखूच्या चंचीसारखीच ही कापडाची लांबट पट्टी असून तिला आतून कप्पे आहेत आणि गुंडाळल्यावर बांधण्यासाठी नाडी आहे. चुना-सुपारीच्या जागी सुया, दोरा, गुंड्या, लहान कातर आणि पितळी अंगुस्तान एवढाच काय तो फरक. ब्रिटिश फौजेत अशा गुंडाळीला 'हाऊसवाइफ', म्हणजे गृहिणी, म्हणत असत, कारण मोहिमेवर असताना तुटलेली गुंडी आणि उसवलेली शिवण शिपायाला स्वतःच्याच हाताने दुरुस्त करावी लागे.

सुयांच्या पुडीवर इंग्लंडमधील रेडिच या गावाचे नाव छापलेले आहे. एकोणिसाव्या शतकात सुया बनवणारे गाव म्हणून रेडिचची ख्याती जगभर होती. तेथे दोन सुयांच्या लांबीची तार तोडून तिच्या दोन्ही टोकांना अणी काढीत, मधोमध दोन नेढी पाडीत आणि मग तार मध्ये मोडून एकीच्या दोन सुया करीत. त्यानंतर साबण व कुरुंदाच्या भुकटीत त्या कित्येक दिवस घोळवल्या जात, तेव्हा कुठे त्यांना ती चकाकी येई. आजींच्या पुडीतील सुया काळ्या कागदात असल्यामुळे त्यांतील दोन अजूनही स्वच्छ आहेत. उरलेल्यांचा गंज चंचीतल्या फलालीच्या, म्हणजे मऊ लोकरी कापडाच्या, तुकड्यावर बारीक तांबूस रेघांच्या रूपाने उमटला आहे.

परंतु गावाच्या नावावरून काळ ठरत नाही. तो ठरवायला कातरीची मदत होते, कारण तिच्या पात्यावर जर्मनीत बनल्याची इंग्रजी अक्षरे कोरलेली आहेत. परदेशी मालावर त्याच्या मूळ देशाचा उल्लेख करण्याचा आग्रह ब्रिटनने १८८७ च्या कायद्याने धरला आणि भारतातही तशाच स्वरूपाचा कायदा १८८९ मध्ये झाला. म्हणून ही कातर त्यापूर्वीची असण्याचा संभव फारच कमी आहे. ती मागाहून कोणी ठेवली असेल, ही शंका आम्हांलाही आली होती. मात्र कप्पा उलटा करून पाहिला, तेव्हा आतल्या कापडावर पात्यांचा आणि दोन्ही कड्यांचा ठसा कातरीशी तंतोतंत जुळला. ही जोडी जुनी आहे, असे आमचे मत झाले ते या ठशामुळेच.

१८८७ आणि १९०३ यांच्यामध्ये जी १६ वर्षे येतात, त्यांत घरची आठवण बसते. तेवढ्याने ती सिद्ध होत नाही. साहेबाचे नाव कोठेही लिहिलेले नाही आणि छावणी उठल्यानंतर बाजारात आलेल्या सामानातूनही ही वस्तू घेतलेली असू शकते. तरीही आजींचे सांगणे केवळ ऐकीव म्हणून बाजूला सारावे, असे आम्हांला वाटत नाही.

शेवटच्या कप्प्यावर मांजरपाटाचे ठिगळ आहे. मूळ शिवण उलट टाक्याची, दाट आणि एकसारखी आहे. ठिगळाला मात्र लांब धावदोरा घातलेला आहे, आपल्याकडे वाकळ शिवताना घालतात तसाच. कप्पा फाटला कशाने, हे त्यात हात घातल्यावर कळते, कारण बारीक सुयांसाठी केलेल्या त्या जागेत बोटभर लांबीचा एक दाभण आहे. पोते आणि वाकळ शिवण्याचे हे हत्यार साहेबाचे नव्हे, ते या घरचे आहे, आणि त्याच्याच टोकाने कापडाला भोक पडले होते.

चित्रीकरण संपल्यावर आजींनी तो दाभण पुसला, पुन्हा त्याच कप्प्यात ठेवला आणि नाडी बांधली.