डिस्चार्ज कार्ड कुठंय?

नमस्कार मंडळी. आजचा विषय बाळंतपणातल्या अडचणी आणि पुढे शाळेत लक्ष न लागणारी मुलं, म्हणजे एडीएचडी. मी 28 वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते, त्यामुळे पुस्तकी कमी आणि पाहिलेलंच जास्त सांगणार.

एका रविवारी शेजारच्या बिल्डिंगमधली सून आली, सोबत सासूबाई आणि आठ वर्षांचा नातू. पोरगा दंगेखोर वगैरे अजिबात नाही, गप्प, पण शाळेतून तीनदा चिठ्ठी आलेली, वही अपूर्ण, लक्ष नाही. सासूबाई म्हणाल्या मोबाईलनं बिघडलाय. (आता मोबाईलच्या नावानं सगळेच बोंबलतात, पण जेवताना तो लावून देतं कोण?) मी म्हटलं, बाळा, रॅकवरनं माझी निळी चप्पल आण आणि येताना दार लोटून घे. गेला, दार लोटलं, आणि तिथंच कडी वरखाली करत उभा. परत सांगितलं तर चप्पल आणली, एकच.

विचारलं, डिलिव्हरी कशी झाली? सासूबाई म्हणाल्या नॉर्मल, अगदी नॉर्मल. सून खाली बघत बसली. मग चहाच्या निमित्तानं माझ्यामागे किचनमध्ये आली आणि हळूच बोलली, सातव्या महिन्यात बीपी वाढलं, पाय सुजले, 31 आठवड्यांना सिझर, बाळ 1 किलो 400 ग्रॅम, 26 दिवस काचेच्या पेटीत. घरात हा विषयच काढायचा नाही असं ठरलेलं. डिस्चार्ज कार्ड? शालूच्या घडीत लपवलेलं! दुसऱ्या दिवशी घेऊन आली, डांबरगोळीचा वास आणि वजनाचा आकडा पुसट झालेला.

म्हणून सांगते, कार्ड जपा. 37 आठवड्यांआधी झालेलं बाळ, अडीच किलोच्या आतलं वजन, आईचं बीपी, जन्मताना कमी पडलेला ऑक्सिजन, यात पुढे लक्षाच्या तक्रारी जास्त दिसतात. फारच लवकर जन्मलेल्यांत तर धोका दुप्पट-तिप्पट. आणि ही मुलं बऱ्याचदा उड्या मारत नाहीत, हरवल्यासारखी बसतात, म्हणून कुणाच्या ध्यानातच येत नाही. पण धोका म्हणजे नक्की होणार असं नाही, यातली बरीच मुलं छान शिकतात.

त्याला जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखणाऱ्या सरकारी केंद्रात पाठवलं. 2013 पासूनच्या बालस्वास्थ्य कार्यक्रमात तिथं 18 वर्षांपर्यंत फुकट तपासतात. आधी कान, डोळे. चष्मा लागला! सासूबाई खूश, बघा, डोळेच होते. पण चष्मा लावूनही वह्या अपूर्णच. मग घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त चाललंय का हे नीट विचारलं, आणि एडीएचडीचं निदान झालं. आता पहिला बाक, एका वेळी एकच काम सांगायचं. (आणि बाई, दहा-दहा पानं उतरवायला देणं बंद करा हो, तो अभ्यास नव्हे.)

सून मात्र रडायला लागली, माझ्याच पोटात बिघडलं म्हणून. मी म्हटलं नाही गं, तुझा दोष नाही. परत सांगते, आईचा दोष नाही. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सगळ्यात मोठा.

तेवढ्यात सासूबाई चपला घालता घालता म्हणाल्या, "सिस्टर, याचा बाप पण अस्साच होता हो, एका वर्षात दोन दप्तरं हरवली. आणि तो तर पुऱ्या दिवसांचा, घरातच झालेला."