हरणाचा आकार ठरतो आईच्या चाऱ्यावर
(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडालगतच्या छोट्या बेटांवर एक हरीण राहतं. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन 25 ते 35 किलो, म्हणजे भीमाशंकरच्या रानातल्या भेकरापेक्षा थोडंसंच जास्त. हीच जात उत्तरेला कॅनडाच्या शेतीपट्ट्यात पाहिली, तर तिथला नर 130 किलोंच्याही पुढे गेलेला दिसतो. दोन्ही पांढऱ्या शेपटीचीच हरणं, आणि वजनात चौपट फरक. आपल्या सांबराचंही तसंच. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात तुम्ही ते पाहिलं असेल. भारतातला मोठा नर अडीचशे किलोंच्या पुढे जातो, पण त्याच जातीचं तैवानमधलं सांबर बरंच लहान असतं. काळवीट आणि चिंकारा मी आज बाजूला ठेवतो, कारण त्यांची शिंगं कायमची असतात आणि ते गाय-शेळीच्या कुळातले आहेत. आज बोलायचंय ते दरवर्षी शिंगं गाळून नवी उगवणाऱ्या हरणांबद्दल.

एकाच जातीच्या आकारात एवढा फरक का, याचं पहिलं उत्तर 1847 साली कार्ल बर्गमन या जर्मन अभ्यासकाने दिलं. थंड प्रदेशातले प्राणी मोठे असतात, असं त्याचं म्हणणं. पातेलंभर चहा बराच वेळ गरम राहतो आणि कपातला लगेच निवतो, तसंच शरीर जितकं मोठं तितकी वजनाच्या मानाने कातडी कमी आणि उष्णताही कमी निसटते. हे पटण्यासारखं आहे, आणि शाळा-कॉलेजात आजही हेच शिकवतात.

पण मग स्वालबार्डचं काय करायचं? नॉर्वेच्याही उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या वाटेवर हा द्वीपसमूह आहे. तिथल्या रेनडिअरचे पाय आखूड आणि अंग बुटकं, नराचं वजन फार तर 90 किलोंच्या आसपास. त्याच जातीचे कॅनडातले नर सहज 150 किलोंच्या पुढे जातात. थंडीनेच प्राणी मोठा होत असता तर स्वालबार्डचा रेनडिअर सगळ्यांत मोठा हवा होता. कॅनडाचे प्राणिशास्त्रज्ञ व्हॅलेरियस गाइस्ट यांनी 1987 मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला. हरणांसारख्या प्राण्यांचा आकार उत्तरेकडे वाढत जातो खरा, पण साधारण 53 ते 65 अंश अक्षांशापर्यंतच. त्यापुढे थंडी वाढते आणि प्राणी लहान होत जातो. त्यांच्या मते आकार ठरतो तो वर्षातले किती दिवस भरपूर आणि कसदार चारा मिळतो यावर. मला हे उत्तर जास्त पटतं, कारण ते थेट हरणाच्या तोंडाशी जाऊन पोचतं.

कोवळ्या गवतात प्रथिनं भरपूर असतात. गवत जून झालं की त्यात काष्ठ वाढतं, आणि रवंथ करणाऱ्या पोटातल्या जिवाणूंनाही ते फोडायला वेळ लागतो. म्हैस वाळल्या वैरणीवर दिवस काढते, चितळाला ते तितकंसं जमत नाही. आता सह्याद्री डोळ्यांसमोर आणा. जूनमध्ये पाऊस पडतो, आठ-पंधरा दिवसांत डोंगर हिरवा होतो. भाद्रपदात गवत कमरेइतकं वाढतं, दिवाळीपर्यंत पिवळं पडतं. बघायला चारा अमाप, पण कोवळा राहतो तो थोडेच दिवस. उत्तरेकडच्या डोंगरांत बर्फ पायथ्यापासून वर वर वितळत जातो, त्यामागोमाग नवा अंकुर वर सरकतो आणि हरणंही त्याच्या मागे चढतात. त्यांना महिनोन्‌महिने कोवळं खायला मिळतं.

मग सांबर इथे एवढं मोठं कसं? ते नुसत्या गवतावर जगत नाही. पाला, साल, पडलेली फळं, तळ्यातल्या पाणवनस्पती असं सगळं खातं, त्यामुळे उन्हाळ्यातही त्याचं ताट अगदी रिकामं पडत नाही. चितळ वानरांच्या झाडाखाली घुटमळतात तेही याचसाठी. वरून अर्धवट खाल्लेला कोवळा पाला आणि फळं खाली पडत असतात.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग. लहान हरणं बघून लोक म्हणतात, ‘या भागातलं रक्तच तसं.’ युरोप-अमेरिकेत तर ‘वाण सुधारायला’ दुसरीकडचे धिप्पाड नर आणून सोडले गेले. पण 1930 च्या दशकात फ्रान्झ फोग्ट यांनी मध्य युरोपातल्या लाल हरणांना तिळाची पेंड चारून पाहिली. पिढीगणिक नर वाढत गेले, भोवतालच्या जंगलातल्या नरांच्या कितीतरी पुढे. पुढे अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात आणखी नेटका प्रयोग झाला. ब्लॅक हिल्सच्या पाइन जंगलातली हरणं लहान, आणि पूर्वेकडच्या शेतीभागातली मोठी. दोन्हीकडची पाडसं एकाच ठिकाणी, एकाच उत्तम खाद्यावर वाढवली. तरी ब्लॅक हिल्सचे नर लहानच राहिले. इथे थांबलो असतो तर ‘रक्ताचाच दोष’ म्हणून मोकळे झालो असतो. पण याच नरांची पुढची पिढी, जिच्या आयांनाही लहानपणापासून पोटभर मिळालं होतं, ती पूर्वेकडच्या हरणांच्या जवळ जाऊन पोचली. म्हणजे दुष्काळात वाढलेल्या मादीच्या शरीराची खूण तिच्या पोरावर राहते, त्याला स्वतःला कितीही खायला घाला. ती पुसायला एक पिढी जावी लागते.

खनिजांचीही गोष्ट सांगतो. शिंग म्हणजे हाड, आणि ते काही महिन्यांत उभं करायचं असतं. चाऱ्यातून पुरेसं कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळालं नाही, तर हरीण स्वतःच्या बरगड्यांतून ते काढून शिंगाला देतं. स्कॉटलंडजवळच्या रम बेटावर माती निकस आहे. तिथली लाल हरणं बिळात राहणाऱ्या समुद्रपक्ष्यांची पिल्लं पकडतात, डोकं आणि पाय चावून खातात आणि बाकी धड तसंच टाकून देतात. मांस त्यांना नकोच असतं, हवी असतात ती हाडं. आपल्याकडेही चितळ गळलेली शिंगं चघळताना दिसतात.

शेवटचं कारण गर्दीचं. 1871 मध्ये स्कॉटलंडहून काही लाल हरणं न्यूझीलंडच्या ओटागो भागात नेली. रक्त तेच, पण रान कुणी न चरलेलं. मायदेशी कधी दिसली नसतील अशी धिप्पाड जनावरं आणि प्रचंड शिंगं तिथे दिसू लागली. मग संख्या फुगली, रान ओरबाडलं गेलं आणि हरणं पुन्हा बारकी झाली. 1930 नंतर सरकारला माणसं नेमून ती मारावी लागली. बेटांवर हेच टोकाला जातं. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर समुद्राची पातळी वाढल्यामुळे अडकलेली लाल हरणं सुमारे 6000 वर्षांत मूळ वजनाच्या सहाव्या हिश्श्यावर आली. हे शेवटच्या हिमयुगाच्या आधीचं, जीवाश्मांवरून कळलेलं.

म्हणून गवताळ कुरणांना ‘पडीक’ म्हणतात तेव्हा मला फार त्रास होतो. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं उठून गेली आणि त्यांच्या शेतांवर गवत उभं राहिलं. तिथे पुढच्या काही पिढ्यांत हरणांच्या अंगकाठीत काय बदल होतो, हे आपण मोजायला हवं. परदेशात शिकारीच्या नोंदींतून वजनं मिळतात. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे, आणि ती बंदच राहावी. पण वाघ आणि रानकुत्रे खाल्लेल्या हरणांचे जबडे मागे सोडतात. खालच्या जबड्याची लांबी वाढीच्या वयातल्या पोषणाची चांगली नोंद ठेवते, दातांच्या झिजेवरून वयाचाही अंदाज येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात सांबर आणि चितळाची हाडं सापडली, ती सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची आहेत, म्हणजे तुलनेलाही काही हाताशी आहे. जंगलातून हाड उचलणं तुमच्या-माझ्यासाठी गुन्हा आहे, तेव्हा हे काम वनविभागानेच करायला हवं. वनरक्षकाच्या पिशवीत एक मोजपट्टी, आणि नोंदवहीत चार रकाने: जागा, तारीख, नर की मादी, जबड्याची लांबी. सुरुवातीला एवढं पुरे आहे.