माठाखालचा हुकूमनामा

नमस्कार श्रोतेहो.

कोर्टाचं दप्तर संगणकावर आणताना पैसा आणि कागद कुठे वाया जातो, यावर बोला असं मला सांगितलंय. मी ३१ वर्षं दिवाणी कोर्टात कारकुनी केली, त्यातली ११ रेकॉर्ड रूममध्ये. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण मुद्दा एकच. आधी निवडा, मग स्कॅन करा. गहू निवडल्याशिवाय आपण दळण गिरणीत टाकत नाही. टाकलं तर खडेही दळले जातात आणि पोळी खाताना कचकच लागते. कोर्टाच्या कागदांचं तेच आहे. आधी निवडा, मग स्कॅन करा. हे मी पुन्हा म्हणणार आहे, कंटाळू नका.

आता गोष्ट. १९९४ साल. नाशिक जिल्ह्यातलाच एक तालुका, नाव राहू दे. कोर्ट कौलारू इमारतीत, आणि रेकॉर्ड रूम म्हणजे मागची अंधारी खोली. सगळं दप्तर रुमालात बांधलेलं. तरुण श्रोत्यांना सांगतो, हा रुमाल खिशातला नव्हे. चांगलं हात-दोन हात लांबीरुंदीचं जाड कापड असायचं. त्यात निकाली दाव्यांचे गठ्ठे ठेवायचे, चार टोकं आवळून गाठ मारायची आणि वर सालाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठी खळीने चिकटवलेली, आणि खळ म्हणजे झुरळांची मेजवानी. निम्म्या रुमालांवर चिठ्ठीचा नुसता डाग उरला होता.

एक आजी दर मंगळवारी यायच्या, कारण मंगळवारी तालुक्याचा बाजार. बाजार उरकायचा, पिशवी व्हरांड्यात ठेवायची आणि आमच्या खिडकीशी उभं राहायचं. त्यांना १९६७ सालच्या हुकूमनाम्याची, म्हणजे निकालावरून निघालेल्या कोर्टाच्या आदेशाची, नक्कल हवी होती. विहीर सामाईक होती. आठ दिवसांत चार दिवस पाण्याची पाळी यांची, असा निकाल झालेला. पुढे पुतण्यांनी नवी मोटार बसवली आणि पाळी मोडली. घरातली जुनी नक्कल उंदरांनी खाल्लेली. आमच्याकडून त्यांच्या अर्जावर शेरा मिळायचा, ‘शोध घेतला, रेकॉर्ड मिळून येत नाही.’ हा शेरा मी स्वतः दोनदा मारलाय. शोध घेतला होता का? घेतला होता की. ज्या ज्या रुमालावर १९६७ वाचता आलं, तो तो सोडून पाहिला होता.

पाचवा मंगळवार असेल. एप्रिलचं ऊन. आजी म्हणाल्या, “भाऊसाहेब, घोटभर पाणी मिळंल का?” माठ रेकॉर्ड रूमच्या दाराशी. त्याची तिवई मोडली होती, म्हणून शिपायाने दोन रुमाल एकावर एक रचले होते, वर फळी टाकली होती आणि फळीवर माठ. आम्ही सगळे दिवसातून चार वेळा तिथलं पाणी प्यायचो. कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मलाही नाही.

आजी पाणी प्यायल्या, भांडं ठेवायला वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मला वाटलं चक्कर आली. मी धरायला उठलो, तर बाई खालच्या रुमालाचं टोक चिमटीत धरून अंगठ्याने चोळतायत. विटून शेवाळी झालेलं हिरवं कापड आणि कडेला बोटभर लाल काठ.

“भाऊसाहेब,” म्हणाल्या, “ह्ये तं मपलं लुगडं!”

श्रोतेहो, आम्ही सगळे उभे राहिलो. १९६७ साली यांचे मालक तारखेला आले होते. तेव्हाच्या कारकुनाने त्यांना सांगितलं, बांधायचं कापड वरून आलेलं नाही, घरात काही जुनंपुराणं असेल तर आणून द्या. मालकांनी बायकोला न विचारता दोरीवरचं लुगडं उचललं आणि कोर्टात नेऊन दिलं. “त्याची मला गोधडी शिवायची व्हती,” आजी म्हणाल्या. हा राग त्यांनी २७ वर्षं जपला होता. विहिरीचा निकाल आपल्या बाजूने लागल्याची तारीख त्यांना आठवत नव्हती, पण काठाची वीण आठवत होती.

माठ उतरवला. गाठ इतकी आवळली होती की सुटेना, शेवटी शिपायाने दाताने सोडवली. आत ३४ दावे. वरचे पाझरलेल्या पाण्याने चिकटून लगदा झालेले. आजींचा दावा खालून सहावा. कोपरे ओले, कागदाला क्रमांक देणारा निशाणीचा शिक्का फुटलेला, पण हुकूमनामा जाड लेजर कागदावर होता म्हणून वाचला. कागद भिजून गेला नाही तेवढा टाचणीने गेला होता. गंज लागून टाचणीभोवती आरपार भोक. इथे मला एक बोलू द्या. टाचणी ही सरकारी कचेरीतून हद्दपार झाली पाहिजे! दोऱ्याचा टॅग वापरा, त्याला काय पडतं? मी घरी लाइटबिलांनाही टॅग लावतो. आमच्या सौभाग्यवती हसतात. हसू देत.

तर त्या मंगळवारी माझ्या लक्षात आलं की आमच्या अख्ख्या रेकॉर्ड रूमची सूची म्हणजे एका बाईला आठवणारा लाल काठ. पुढचे तीन रविवार आम्ही दोघं कारकून आणि तो शिपाई रुमाल सोडत बसलो. वही केली. रुमाल नंबर, फडताळ नंबर, खण नंबर, आत कोणते दावे. खर्च किती? एक दोनशे पानी वही आणि चहा.

आता आजचं बोलू. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांचं काम संगणकावर आणण्याच्या योजनेच्या, तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. त्यातला मोठा वाटा जुनी-नवी सगळी कागदपत्रं स्कॅन करण्यासाठी आहे. चांगलंच आहे. पण तो रुमाल न सोडता, न लावता कुणी तसाच मशीनवर नेला असता तर? लगदाही स्कॅन झाला असता, दोन-दोनदा लावलेल्या नकलाही झाल्या असत्या, आणि फाइलला चुकीचं साल पडलं की आजींचा हुकूमनामा पुन्हा माठाखालीच, फक्त माठ संगणकातला. म्हणून म्हणतो, आधी निवडा, मग स्कॅन करा.

निवडायचं कसं? कोर्टाचे सगळे कागद सारख्या मुदतीचे नसतात. काही कायमचे, काही ठरावीक वर्षांचे. कुठले कधी नष्ट करायचे याचे नियम हायकोर्ट करतं, आणि तो अधिकार १९१७ सालच्या अभिलेख नष्ट करण्याच्या कायद्यातून आलाय. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय, सगळं ठेवायचं नसतं. शेजारच्या नगर जिल्ह्यात १९८०च्या दशकात कलेक्टर अनिलकुमार लखिना यांनी कचेरीचं दप्तर नव्याने लावलं. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून जुने कर्मचारी अजून नाव काढतात. तेव्हा टेबलावर संगणक नव्हते, हे लक्षात घ्या.

आणि कागदाची उधळपट्टी! आमच्या काळी एका बाजूला टाइप करायचं, दुसरी बाजू कोरी. एवढे पाठकोरे कागद पाहिले की आयुष्यभर किराण्याच्या याद्या लिहिल्या तरी संपले नसते. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२० पासून ए-फोर कागद आणि दोन्ही बाजूंना छपाई सुरू केली. उशिरा सुचलं, पण सुचलं. नाशिककरांना या बाबतीत जरा जास्त कळायला हवं. देशभर वापरले जाणारे कितीतरी स्टँप आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२५पासूनच्या परंपरेने छापले जातात. तिथे एकेक कागद मोजून घेतात आणि मोजून देतात. माझे मामेभाऊ तिथे होते. घरी जेवतानाही ते पोळ्या मोजायचे. असो, मी कुठे चाललो.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी सांगतो. दावा निकाली निघाला, अपील झालं नाही आणि मुदत संपली, किंवा अपिलाचाही निकाल लागला, तर तुम्ही हजर केलेले मूळ कागद अर्ज करून परत मिळतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, ऑर्डर १३, नियम ९. पुन्हा सांगतो, ऑर्डर १३, नियम ९. मूळ खरेदीखत कोर्टात पडून असेल तर वकिलांना आजच विचारा. दुसरी गोष्ट, सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र नंबर. तो १६ अक्षर-आकड्यांचा असतो. आपल्या जिल्ह्याचा एम, एच, एन, एस अशा चार अक्षरांनी सुरू होतो आणि शेवटचे चार आकडे म्हणजे साल. तो वहीत लिहून ठेवा. तो असला की पुढची तारीख मोबाइलवर दिसते, त्यासाठी एसटीने नाशिकच्या सीबीएस स्टँडला येऊन कोर्टाचा बोर्ड बघायची गरज नाही. तो नंबर मोबाइलमध्ये ठेवलाय म्हणू नका. मोबाइल हरवतो, वही हरवत नाही.

स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचा हात दाखवतायत. लुगड्याचं राहिलं.

नक्कल हातात पडल्यावर आजी म्हणाल्या, “आता मपलं लुगडं द्या.” मी नाझरांकडे, म्हणजे कोर्टाच्या चीजवस्तूंचा हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलो. नाझर कडक माणूस. त्यांनी वस्तूंच्या नोंदीचं डेडस्टॉक रजिस्टर १९६७पासून चाळलं. लुगड्याची नोंद नाही. चष्मा काढून म्हणाले, “नोंद नाही म्हणजे वस्तू नाही. नसलेली वस्तू मी परत कशी देऊ?” मी मान खाली घालून निघालो, तर मागून हाक मारली. “आणि नसलेली वस्तू कुणी घेऊन गेलं, तर हरकत तरी कोण घेणार?”

आजींनी कोर्टाच्या नळावर ते लुगडं दोन वेळा पिळून काढलं, बाजाराच्या पिशवीत कोथिंबिरीवर ठेवलं आणि साडेचारच्या गाडीने गावाला गेल्या.

नमस्कार.